वाईनमधली नाशपाती आणि आपला शिळा ऊस



ऊस विकास विभागाच्या लेखात बेणेप्रक्रिया, पाचट आणि हुमणी यांपलीकडे काही नसते, अशी आपली नेहमीची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. म्हणून या अंकात आम्ही शेत सोडून स्वयंपाकघरात शिरत आहोत, तेही थेट पोर्तुगालच्या. उसाचा विषय शेवटी निघेलच, कारण आमचा स्वभाव आम्हालाही ठाऊक आहे.

निमित्त असे झाले. आमच्या गटातील एका सभासदांचा मुलगा लिस्बनला हॉटेलच्या भटारखान्यात नोकरीस आहे. दिवाळीत तो गावी आला. लागणीची पाहणी करून आम्ही त्यांच्या वस्तीवर चहाला टेकलो, तर तो म्हणाला, "साहेब, तिकडं नाशपाती दारूत शिजवून गोड म्हणून वाढत्यात." आजी माळकरी. त्यांनी कानावर हात ठेवले. पण पोरगा हौशी, येताना तांबड्या वाईनची एक बाटली आणि बाजारातून सहा नाशपात्या घेऊन आलेला. शेवटी आजींनी तोड काढली : घरातले भांडे मिळणार नाही, चूल परड्यात मांडायची, आणि चमचासुद्धा आत आणायचा नाही.

या पदार्थाला तिकडे 'पेराश बेबेदाश' म्हणतात. अर्थ सरळ आहे : झिंगलेल्या नाशपात्या. हा काही राजेरजवाड्यांचा पदार्थ नव्हे. वाईन घरोघरी, फळ दारचे, साखर-दालचिनी डब्यात, असा साधा संसारी प्रकार आहे. लिस्बनच्या उत्तरेस समुद्रालगतच्या पश्चिम पट्ट्यात, कादावाल आणि बोंबाराल या गावांच्या आसपास, नाशपातीच्या बागाच बागा आहेत. तेथील जातीचे नाव 'रोशा'. सिंत्रा भागात रोशा आडनावाच्या एका गृहस्थाच्या वाडीत 1836 साली हे वेगळे झाड आढळले, त्यावरून हे नाव पडले. फळ लहान, गर पांढरा व घट्ट, आणि शीतगृहात महिनोन्‌महिने टिकते. 2003 साली युरोपीय संघाने या पट्ट्यातील रोशा नाशपातीच्या नावाला संरक्षण दिले. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे, तसाच प्रकार.

आता कृती. आम्ही पाटावर बसून टिपून घेतली आहे.

नाशपाती कडक घ्यावी, पिकून मऊ झालेली नको. साल काढावी पण देठ ठेवावा, आणि बुडाची पातळ चकती कापावी म्हणजे फळ ताटलीत उभे राहते. सहा फळांना एक बाटली तांबडी वाईन, पाव किलो साखर, बोटभर दालचिनी आणि एका लिंबाची वरची पिवळी साल. पांढरा भाग आला तर कडवटपणा उतरतो. भांडे स्टीलचे घ्यावे. वाईन आंबट असल्याने ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ चालत नाही. आधी साखर विरघळवून घ्यावी, मग फळे आडवी सोडावीत. आच मंद हवी. रस नुसता थरथरत राहावा, खदखदू नये. पोरगा दर पाच-सात मिनिटांनी फळे वळवीत होता, नाहीतर एका अंगाने तांबडी आणि दुसऱ्या अंगाने पांढरी राहतात. अर्ध्या-पाऊण तासात सुई सहज आरपार गेली की भांडे उतरवावे.

येथे घाई करू नये. फळे त्याच रसात रात्रभर मुरू द्यावीत. रंग आतपर्यंत जातो तो रात्रीच. सकाळी फळे काढून रस निम्मा होईपर्यंत आटवावा व गार झाल्यावर वरून सोडावा. कोणी त्यात पेलाभर पोर्ट वाईनही घालतात. ती डोउरू नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांची दारू मिसळून आंबणे थांबवतात, म्हणून तिच्यात फळाची मूळची साखर शिल्लक राहते.

माळकरी सभासदांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. "उकळल्यावर दारू उडून जाते" असे लोक सांगतात, ते पुरते खरे नाही. तासभर शिजवल्यावरही तिचा काही अंश मागे राहतोच. आजींनी चव घेतली नाही, ते योग्यच केले.

ही साखर आणि दालचिनी पोर्तुगालच्या डब्यात आली कोठून? पोर्तुगालच्या भूमीवर उसाची शेती रुजली नाही. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी अटलांटिकमधील मदेरा बेटावर सिसिलीहून ऊस नेला. बेट डोंगराळ, आणि पाऊस वरच्या अंगाला. म्हणून कडे फोडून मैलोन्‌मैल पाट काढले. त्यांना 'लेवादा' म्हणतात आणि त्यांतले पुष्कळ आजही वाहतात. ते पाट खणण्यात आणि तो ऊस तोडण्यात गुलामांचे हात होते, हेही सांगितले पाहिजे. मदेराचे शहर फुंशाल, त्याच्या मानचिन्हावर आजही पाच साखरेच्या ढेपा कोरलेल्या आहेत. पुढे सोळाव्या शतकात ब्राझीलची साखर स्वस्त पडू लागली आणि मदेरात उसाच्या जागी द्राक्षवेली आल्या. ऊस आता थोडाच उरला आहे, त्याची रम आणि काकवी करतात. दालचिनी सिलोनची. तिच्यासाठी पोर्तुगीज दीडशे वर्षे तेथे ठाण मांडून होते, 1658 साली डचांनी त्यांना हुसकले.

साखरेला ते 'असुकार' म्हणतात. शब्द अरबांकडून घेतलेला, अरबांकडे गेला तो आपल्या संस्कृत 'शर्करा'पासून. आणि त्यांच्या 'पेरा'ने परतफेड केली. अमेरिकेतून पेरू आपल्याकडे आणला तो पोर्तुगीजांनी, आणि आकार बघून त्याला नाशपातीचेच नाव दिले. आपला 'पेरू' त्यातूनच आला. गोव्यात पेरूच्या वडीला 'पेराद' म्हणतात तेही यामुळेच.

असो. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा वस्तीवर गेलो. उरलेला पाक बाटलीत होता. दाट, चकचकीत, पण साखरेचा एक कण धरलेला नाही. घरच्या वहिनींनी विचारले, "भाऊसाहेब, आमचा गुलाबजामचा पाक लगेच साखर धरतो, ह्यानं का धरली नाही? लिंबू पिळल्यावानी झालंय."

वहिनींनी नेमके बोट ठेवले. उसाची साखर आंबट रसात तापवली की ती फुटते. तिचे दोन तुकडे होतात, द्राक्षशर्करा आणि फलशर्करा. फुटलेली साखर मिसळली असली की पाक सहजी दाणा धरीत नाही. लिंबू हेच काम करते, आणि वाईन तर त्याहून निवांतपणे करते, कारण तिचा सामू साडेतीनच्या आसपास असतो. स्वयंपाकघरात हा गुण आहे. कारखान्यात हाच आपला वैरी. दाणा धरणे हाच तर कारखान्याचा धंदा. उसाचा रस मुळात सौम्य आंबट, म्हणून तो गाळल्याबरोबर चुन्याची निवळी घालून आंबटपणा मारतात. पण तुटलेला ऊस बांधावर पडून राहिला, की चुना भेटायच्या आधीच उसाच्या पोटात साखर फुटू लागते. गुऱ्हाळवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे : शिळ्या उसाचा गूळ बसत नाही.

आम्ही त्या पाकाचा थेंब खिशातल्या ब्रिक्स मीटरवर टाकला. काटा साठाच्या जवळ. मीटर हे सांगत नाही की त्यातली किती साखर धड आणि किती फुटकी. दरवर्षी गव्हाणीजवळ आमच्याशी जो वाद होतो, तो येथेच आहे. सभासद म्हणतात, "साहेब, तीन दिवसांचा ऊस असला म्हणून काय झालं, रस चाखून बघा, उलट जास्त गोड लागतोय. तुमचा मीटरबी वरच दावतोय." दोन्ही खरे आहे. ऊस वाळला, पाणी उडाले, म्हणून ब्रिक्स चढला. फलशर्करा साखरेहून गोड, म्हणून जीभही फसली. वजन मात्र घटले आणि उताराही पडला. उताऱ्यावर तर सगळ्यांचाच दर ठरतो.

तोड झाली आणि वाहन आले नाही, असे होते. त्यात सभासदांचा दोष नसतो. येत्या हंगामात तोडीची चिठ्ठी आणि वाहन एकाच दिवशी निघावे, असा प्रस्ताव आम्ही शेतकी समितीपुढे ठेवला आहे. चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. आपल्या फडात वाहन चुकले तर गट कार्यालयातील वहीत तारीख व वेळ नोंदवावी. तोंडी सांगितलेले आमच्याही लक्षात राहत नाही.

आजींसाठी त्या पोराने दुसरा घाणा केला तो निराळा. अर्धे कच्चे पेरू, काळ्या द्राक्षांचा ताजा रस, साखर थोडी कमी, दालचिनी आणि निम्म्या लिंबाचा रस. पेरू वीस मिनिटांतच शिजले. बिया दाताखाली येतात, तेव्हा मधला गर आधी कोरून काढावा. रंग वाईनइतका चढत नाही. या वेळी भांडे घरातले होते, आणि आजींनी दोन फोडी मागून घेतल्या.