शाळेतील मानसशास्त्रज्ञ आणि परवाना

सणसरच्या परिसरात ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या कुटुंबांतील मूल अभ्यासात मागे पडले, की त्याला ‘मठ्ठ’ ठरविणे सोपे असते. परंतु दोष बुद्धीचा, वाचनाच्या अडचणीचा की वारंवार शाळा सुटण्याचा, हे ओळखण्यास जाणकार लागतो. असा जाणकार ओळखावा कसा?

अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञास राज्याकडून परवाना वा प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र परवाना नाही. मात्र चिकित्सा मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वये केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. त्यासाठी नुसती एम. ए. पदवी पुरत नाही. परिषदेने मान्य केलेला व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नोंदणीही कायमची नसते. मुदत संपण्यापूर्वी प्रशिक्षणवर्गांना हजर राहून ठरावीक गुण मिळविले, तरच नूतनीकरण होते. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांसाठी २०२१ च्या कायद्याने राज्य परिषदांची तरतूद केली आहे.

म्हणून मुलाची बुद्धिचाचणी करवून घेण्यापूर्वी पालकांनी नोंदणी क्रमांक व मुदत अवश्य विचारावी. चुकीचा शिक्का मुलाला जन्मभर वागवावा लागतो.