वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर: वाटी लहान, चवी अनेक

मधुमेह, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे अशा त्रासांमुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेणारे आता आपल्या नात्यागोत्यातही दिसतात. दवाखान्यातून घरी येताना पहिल्या दीड-दोन महिन्यांच्या आहाराचा कागद मिळतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रोज तेच वरण, तेच उकडलेले अंडे. तोंडाला कंटाळा येतो आणि हात खारी-बिस्किटाकडे वळतो.

आमचे सांगणे एवढेच आहे, की यासाठी महागडे डबे विकत आणायची गरज नसते. आपल्या स्वयंपाकघरात जे आहे तेच घ्यावे, फक्त त्याचे रूप आणि चव रोज बदलावी.

आधी कारण समजून घेऊ

स्लीव्ह प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी ठेवून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे सुरुवातीला अर्ध्या वाटीतच पोट भरते. शरीराला मात्र दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, थकवा येतो. अर्धी वाटी भातानेच भरली, तर डाळीला आणि अंड्याला जागा कुठे राहणार? म्हणून आधी डाळ, अंडे, मासे किंवा चिकन खावे, मग भाजी, आणि जागा उरली तरच भाकरी किंवा भात. खारी, चिवडा, फरसाण सहज उतरते, पोट भरल्याचे कळत नाही आणि वजन पुन्हा चढू लागते.

पुढचे पदार्थ डॉक्टरांनी मऊ अन्नाची परवानगी दिल्यानंतरचे आहेत. त्याआधी पातळ आणि मग मिक्सरमधून काढलेले अन्न, हा क्रम मोडू नये.

रश्श्यातले अंडे: कांदा-टोमॅटोचा कमी तिखट, पातळ रस्सा उकळावा. त्यात अंडे फोडून अलगद सोडावे आणि झाकण ठेवून बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. दुसऱ्या दिवशी त्याच अंड्याची पालक घालून मऊ भुर्जी करावी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

मसुराचे घट्ट वरण: मसूरडाळ आणि दुधीच्या फोडी आले-लसूण घालून कुकरमध्ये शिजवाव्यात व घोटाव्यात. एक दिवस जिरे-लसणाची फोडणी, एक दिवस टोमॅटो आणि मिरपूड, एक दिवस चिंच. तेल एक लहान चमचाच.

चिकन खिमा आणि मूगडाळ: कोरडे चिकन घशाखाली अडकल्यासारखे होते. पाव किलो खिम्यात दोन-तीन चमचे भिजवलेली मूगडाळ घालून कुकरमध्ये शिजवला, की तो ओलसर राहतो. पहिल्या दिवशी रस्सा करावा. उरलेला फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी त्यात मेथी घालावी. मांस न खाणाऱ्यांनी सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून जाडसर काढाव्यात. २० ग्रॅम कोरड्या वड्यांतून साधारण १० ग्रॅम प्रथिने मिळतात.

वाफवलेला मासा: काटे काढलेल्या तुकड्यांना कोथिंबीर-लसणाची चटणी लावून डब्यात घालून वाफवावे. सुकट स्वस्त आणि पौष्टिक आहे, पण नेहमीचे जेवण सुरू झाल्यावरच घ्यावी. ती दोन-तीन पाण्यांतून धुवावी. रक्तदाब असेल तर मिठामुळे क्वचितच खावी.

चक्का: दही फडक्यात बांधून चार-पाच तास टांगावे. त्यात किसलेली काकडी आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. साखर नको.

घरच्यांनी काय करावे?

वेगळा स्वयंपाक मांडायची गरज नाही. तिखट आणि जास्तीचे तेल घालण्याआधी एक वाटी बाजूला काढली की झाले. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शस्त्रक्रिया घरातल्या बाईची झाली असेल, तर अनेक घरांत तीच सगळ्यांना वाढते आणि शेवटी उरलेल्या रश्श्यात भात कालवून खाते. अंडी-मटणाचे तुकडे तोवर संपलेले असतात. हे चालणार नाही. तिची वाटी आधी भरली पाहिजे, आणि ती भरण्याची जबाबदारी सगळ्या घराची आहे.

भोजनदान, लग्न, पौर्णिमेची खीर, अशा वेळी आग्रह टाळावा. विशेषतः बायपासनंतर गोड पदार्थ पटकन आतड्यात उतरतो आणि धडधड, घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. "एवढ्याने काय होतंय?" असे म्हणणाऱ्याला हा त्रास दिसत नाही.

रोज पाळायचे नियम

- लहान घास, भरपूर चावणे, जेवणाला २० ते ३० मिनिटे. पोट भरले की तिथेच थांबावे.
- जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट-घोट प्यावे. सोड्याची पेये आणि दारू टाळावी.
- बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आयुष्यभर घ्याव्यात. बरे वाटते म्हणून बंद करू नयेत. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.
- मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाणही तपासून घ्यावे.
- उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात राहत नसेल किंवा पोटात तीव्र दुखत असेल, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा.

रविवारी आठवड्याचा बाजार आणताना सात दिवसांची यादी लिहून फ्रीजवर लावावी: सोमवारी रश्श्यातले अंडे, मंगळवारी मसूर, बुधवारी खिमा, गुरुवारी मेथी-खिमा, शुक्रवारी मासा, शनिवारी सोयाबीन, रविवारी घरच्यांसोबत मऊ शिजवलेले चिकन. आज काय खाऊ, हा प्रश्न आधीच सुटलेला असला, की खारीचा डबा उघडायची वेळ कमी येते.