लायब्ररी नवी, कंपायलर जुना

बहुतेक लिनक्स संगणकांवर सी भाषेची मूळ लायब्ररी असते ग्लिबसी. ऑगस्ट 2017मध्ये तिची 2.26 आवृत्ती आली आणि जुना जीसीसी कंपायलर सोर्सवरून बांधणाऱ्यांचे काम अडले. कारण एवढेसेच: हेडर फाइलमधले ‘स्ट्रक्ट युकॉन्टेक्स्ट’ हे नाव गेले, ‘युकॉन्टेक्स्ट_टी’ उरले; जीसीसीची ‘लिनक्स-अनवाइंड.एच’ फाइल मात्र जुनेच नाव मागत होती. आधी तयार झालेले प्रोग्राम बिनबोभाट चालत राहिले, कारण स्ट्रक्टचे नाव कंपाइल करतानाच लागते. हे लक्षात न घेता काहीजण ग्लिबसीच मागे नेतात. तसे मुळीच करू नये: नव्या ग्लिबसीवर बांधलेल्या साध्या कमांडही बंद पडू शकतात. जीसीसीची दुरुस्त आवृत्ती घ्यावी, नाहीतर त्या फाइलीत नाव बदलावे.