इलेक्ट्रिक छोट्या ट्रकचे टायर बदलताय? आपल्याला बर्फ नाही, घाट चढायचाय



परदेशातले व्हिडिओ तुम्हीही बघत असाल. भलामोठा इलेक्ट्रिक ट्रक, बाहेर बर्फ, आणि मालक गॅरेजमध्ये उन्हाळी चाकं काढून हिवाळी चाकं बसवतोय. दिसायला झकास. तिकडे ते गरजेचंही आहे. साधारण 7 अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. म्हणून हिवाळी टायरचं रबर मऊ ठेवतात आणि त्याला बारीक बारीक चिरा देतात. हाच टायर आपल्याकडच्या मे महिन्यात चालवला तर खोडरबरासारखा झिजेल, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेईल. थोडक्यात, तो आपल्या कामाचा नाही.

पण त्या व्हिडिओतला माणूस एक गोष्ट बरोबर करतोय. आपल्या रस्त्याला आणि हवामानाला कोणता टायर लागतो, हे ठरवून तो खरेदी करतोय. आपण काय करतो? टायर गुळगुळीत झाला की दुकानात जातो आणि विचारतो, "स्वस्तात कोणता आहे?" दुकानदार म्हणतो, "हा टाका भाऊ, काही होत नाही." झाली खरेदी!

डिझेलच्या गाडीत हे खपून जायचं. टायर जड फिरला तर थोडं डिझेल जास्त जायचं, पंपावर थांबलं की विषय मिटायचा. इलेक्ट्रिक गाडीत तसं मिटत नाही. बॅटरीत जेवढं आहे तेवढंच आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा टायर फिरवण्यातच जातो.

आता आकडे घेऊ. वही काढा.

टाटाची एस ईव्ही मे 2022 मध्ये आली. 21.3 युनिटची बॅटरी, 600 किलो माल आणि चाचणीतली रेंज 154 किलोमीटर. चाचणीतली रेंज म्हणजे लग्नाच्या बायोडाटातला पगार, हे तुम्हाला मी सांगायला नको. माल भरून, थांबत-चालत साधारण 105 किलोमीटर मिळतात असं धरू. गाडी आणि माल मिळून वजन धरू 1800 किलो.

चांगला, हवा बरोबर असलेला टायर एवढं वजन सपाट रस्त्यावर 100 किलोमीटर न्यायला सुमारे 5 युनिट खातो. हे फक्त टायरचं. वारा कापणं, चढ, ब्रेक वेगळे. तिथेच जाड बटनाचा, हलक्या दर्जाचा किंवा हवा कमी असलेला टायर साडेसहा युनिटपर्यंत जाऊ शकतो. फरक दीड युनिटचा. ऐकायला काहीच नाही. पण 105 किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दीड युनिट म्हणजे सात-आठ किलोमीटर.

हे सात-आठ किलोमीटर कुठे लागतात? खामगावहून बोथा घाटाने बुलढाण्याला जा. एका बाजूला साधारण 50 किलोमीटर, जाऊन-येऊन 100. घाटाखालून घाटावर चढताना तीनशे मीटरचा चढ धरला, तरी नुसतं वजन वर उचलायला जवळपास दीड युनिट लागतं. वर बाजारात माल उतरवायला उशीर झाला, चार्जिंगला वेळ मिळाला नाही आणि तुम्ही तसेच परत निघालात, तर संध्याकाळी गाडी घरी पोहोचते की ज्ञानगंगा अभयारण्यात उभी राहते, हे त्या सात-आठ किलोमीटरवर ठरतं. भाजीपाला भरलेला असेल तर तो टेम्पो बदलून न्यायचा खर्च कोण देणार? त्या दिवशीचा हप्ता कोण भरणार?

वजनाचा आकडा आधी वाचा

सगळ्यात धोक्याची चूक इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

टायरच्या बाजूला माप लिहिलेलं असतं. त्याच्या पुढे एक छोटा आकडा असतो, उदाहरणार्थ 79 किंवा 86. तो टायर किती वजन पेलतो, त्याचा हा कोड आहे. 79 म्हणजे 437 किलो. 86 म्हणजे 530 किलो. छोट्या मालवाहू गाडीच्या टायरवर बऱ्याचदा 86/84 असे दोन आकडे दिसतात. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. आपल्या छोट्या ट्रकला मागे एकेरी चाक असतं, म्हणून पहिला आकडा धरायचा.

आता समजा दुकानात तुमच्या डिस्कवर बसणारा कारचा टायर स्वस्तात मिळतोय, त्याच्यावर 79 लिहिलंय. बसतो तर मस्त बसतो! चार टायर गुणिले 437 म्हणजे 1748 किलो. गाडी मालासकट 1800. म्हणजे माल एकदम समान वाटला गेला तरी टायर कमीच पडतात. आणि माल कधी समान वाटला जातो का? भरलेल्या गाडीत मागच्या धुऱ्यावर जास्त भार असतो. मागे 1100 किलो आले, तर तिथले दोन टायर मिळून पेलणार 874. हा टायर पहिल्या दिवशी फुटत नाही, म्हणून तर माणूस फसतो. तो रोज आतून तापतो, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता, भरल्या गाडीत, उतारावर दगा देतो.

दरवाजाच्या चौकटीवर किंवा मालकाच्या पुस्तकात माप, वजनाचा कोड आणि हवा, तिन्ही दिलेलं असतं. मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानात तोंडी सांगू नका, फोटो दाखवा.

मोठी चाकं टाकून गाडी उंच करायची हौसही मी बघतो. व्यास पाच टक्के वाढला तर मीटरवर 100 किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी खरी 105 गेलेली असते. तुमचा रेंजचा सगळा हिशोब चुकला. वर चाक मोठं म्हणजे मोटरची ओढ तेवढी कमी, म्हणजे घाटात अजून त्रास. कंपनीने मान्य केलेल्या मापाच्या बाहेर गेलात तर वॉरंटी आणि विमा या दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारायला तुम्हीच जागा करून देता.

काळी माती, पांदण आणि बटनाचा टायर

"सर, पावसाळ्यात शेतातून माल उचलायचा असतो, मग बटनाचा टायर नको का?"

प्रश्न बरोबर आहे. आपली काळी माती म्हणजे ओली झाली की डिंक. साध्या टायरच्या रेघा दहा फुटांत भरतात, आणि मग टायर आणि साबणाची वडी यात फरक राहत नाही. जुने ट्रकवाले पुढे सरळ रेघांचा आणि मागे बटनाचा टायर टाकतात, त्यात शहाणपण आहे. तुमची मोटर मागची चाकं फिरवत असेल तर मागे दोन्ही बटनाचे चालतील, माप आणि वजन बरोबर असेल तर. एकाच धुऱ्यावर एक असा आणि एक तसा मात्र कधीच नाही.

पण माझं मत विचाराल तर, वर्षातल्या दोन-अडीच महिन्यांच्या चिखलासाठी बारा महिने रेंज घालवू नका. शेतकऱ्याशी बोला. डांबरी रस्त्यापर्यंत माल बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने येऊ द्या, त्याचे थोडे पैसे धरा. इलेक्ट्रिक मोटरची ओढ पहिल्या क्षणाला पूर्ण येते. चिखलात पाय दाबला की चाक जागेवर गरगरतं आणि खड्डा करतं. मग ट्रॅक्टर बोलवावाच लागतो.

ही पहिल्या क्षणाची ओढ कोरड्या रस्त्यावरही टायर खाते. सिग्नलवरून झटका मारायची सवय असलेल्या ड्रायव्हरच्या गाडीचे मागचे टायर आधी जातात. पुस्तकात दिलेल्या अंतराला पुढची-मागची चाकं बदलून घ्या, आणि ड्रायव्हरशी प्रेमाने बोला.

स्वस्त टायर खरंच स्वस्त आहे का?

हिशोब समजायला सोपे आकडे धरतो, तुम्ही तुमच्या दुकानातले भाव टाका. नवा टायर 4,000 रुपये, चालतो 40,000 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला 10 पैसे, चार टायरचे 40 पैसे. रिमोल्ड 1,800 रुपये, चालतो 15,000 किलोमीटर. म्हणजे 12 पैसे, चारचे 48. इथेच तो महाग झाला.

आता वीज. 100 किलोमीटरला दीड युनिट जास्त, युनिट 10 रुपयांनी धरलं तर 15 रुपये, म्हणजे किलोमीटरला अजून 15 पैसे. दिवसाला 80 किलोमीटर आणि वर्षाला 300 दिवस म्हणजे 24,000 किलोमीटर. 3,600 रुपये नुसते विजेत गेले! जवळपास एका नव्या टायरची किंमत दरवर्षी तुम्ही मीटरमध्ये ओतताय, आणि वर सांगताय की टायर स्वस्तात मिळाला.

टायर नवा घेताना त्याचं वयही बघा. बाजूला चार आकडे असतात. 3524 म्हणजे 2024 सालचा 35वा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला टायर "नवा" म्हणून घेऊ नका.

हवा: आपला हिवाळा इथे आहे

बर्फ नसला तरी आपल्याकडे हिवाळ्याचा टायरवर परिणाम होतो, तो असा. मे महिन्यात 42 अंशांत तुम्ही 45 पीएसआय हवा भरली आणि नंतर बघितलंच नाही. डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांत तीच हवा पाच-सहा पीएसआयने कमी भरते. गळती वेगळीच. दूधवाले, भाजीवाले पहाटेच निघतात, म्हणजे नेमकं थंडीत, कमी हवेवर, भरलेल्या गाडीने. मग तक्रार येते की थंडीत बॅटरी उतरते. बॅटरी थंडीत थोडी मंदावते हे खरं, पण आधी हवा बघा.

हवा थंड टायरमध्ये, निघायच्या आधी तपासायची. घाट उतरून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडायची नाही. आठवड्याला एकदा, स्टेपनीसकट. नायट्रोजनचा आग्रह कोणी केला तर हरकत नाही, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे. महत्त्वाचं तपासणं आहे.

घाटावरून निघणाऱ्यांनी अजून एक बघा. बुलढाण्यात 100 टक्के चार्ज करून लगेच राजूर घाट उतरायला लागलात, तर उतारावर तयार होणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. मग मोटर गाडीला आवर घालत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की डिस्क तापते, डिस्क तापली की टायर. थोडी जागा ठेवून उतरा.

समृद्धी महामार्गावर मेहकर किंवा सिंदखेडराजाहून चढणार असाल तर टायर आधी घरी तपासा. (तीनचाकीला तिथे परवानगी नाही.) 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला बस पेटून 25 प्रवासी गेले. तेव्हा पहिली चर्चा टायर फुटल्याची झाली. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून मी सगळं खापर टायरवर फोडत नाही. पण काँक्रीटवर तासन्‌तास एका वेगाने पळताना टायर तापतो हे खरं आहे, आणि घासलेल्या टायरच्या गाड्या महामार्गाच्या नाक्यावरून परत पाठवल्या गेल्यात. कायद्याने चारचाकीच्या टायरची रेघ किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. रेघेतल्या छोट्या उंचवट्याला रबर टेकलं की टायर संपला. भाडं घेतलंय आणि नाक्यावरून परत आलात, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फोन करत नाही.

दुकानात उभं राहून बघायच्या गोष्टी

चाक बदलताना चहाला जाऊ नका. गाडी सपाटीवर, चावी बंद, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकाला दगड. जॅक कुठे लावतोय ते स्वतः बघा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी खाली चासीमध्ये असते. डिझेल गाडीच्या सवयीने पंक्चरवाला जॅक सरकवतो आणि बॅटरीच्या पेटीला टेकवतो. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक हवा. खाली नारिंगी केबल दिसली तर तिला हात नाही, पाना नाही, दोरी नाही.

नट आधी हाताने फिरवायचे, मग समोरासमोरचे आवळायचे, आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर टेकल्यावर. हवेच्या गनने "खर्रर्र" करून सोडलेलं चाक मी एकदा रस्त्यात भोगलंय. पंक्चर झाल्यावर नट हलेना, पान्यावर उभा राहून उड्या मारल्या तरी हलेना. भरलेली गाडी तीन तास जागेवर. तेव्हापासून शेवटचा हात टॉर्कच्या पान्याचाच, पुस्तकातल्या आकड्यावर. व्हॉल्व्ह नवा टाकून घ्या. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे पैसे वाचवू नका.

आणि दुकानातून निघालात की विषय संपला असं धरू नका. 50 ते 100 किलोमीटर झाले की चारही चाकांचे नट पुन्हा त्याच पान्याने तपासा. वहीत तारीख, किलोमीटर, टायरचा चार आकडी कोड आणि भरलेली हवा लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज किती किलोमीटरला किती टक्के बॅटरी गेली तेही लिहा. जुन्या टायरचे आकडे आज, टायर बदलायच्या आधीच लिहायला घेतलेत तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.