जुन्या संगणकाला एसएसडी बसवताना

संगणक सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागत असतील, तर आधी हार्ड डिस्क बदलावी. नव्या संगणकाचा विचार नंतर. फिरत्या तबकडीचा वेग सेकंदाला जेमतेम १५० मेगाबाइट, साध्या साटा एसएसडीचा सुमारे ५५०, एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा ३,५०० आणि त्याहूनही पुढे. मात्र रोजच्या वापरात खरा फरक पडतो तो पहिल्याच पायरीवर, हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना.

खरेदीआधी मदरबोर्डची पुस्तिका जरूर पाहावी. एम.२ ची खाच दिसली म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही; काही खाचा फक्त साटाच ओळखतात.

एसएसडी झिजण्याची भीती अनाठायी आहे. सॅमसंगच्या एक टेराबाइटच्या ८७० इव्होची लेखनमर्यादा ६०० टेराबाइट. रोज ५० गीगाबाइट लिहिले तरी ती गाठायला जवळपास तेहतीस वर्षं लागतील.

घरच्या फोटोंची दुसरी प्रत मात्र हार्ड डिस्कवरच ठेवावी. विजेविना वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या एसएसडीतला विद्युतभार हळूहळू ओसरतो.