दहावीचं वर्ष आणि पाण्याची पाळी



हंगाम रंगात आला की आपल्या भागात दोनच गोष्टी कानावर पडतात. ऊस कधी जाणार आणि बिल कधी निघणार. आज तिसरी गोष्ट काढतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत यंदा कोणी ना कोणी दहावीला आहे. ही परीक्षा मार्चची, अशी आपली जुनी समजूत. पण २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे ऐन तोडणीत. टोळी फडात, ट्रॅक्टर बांधावर, आणि परीक्षेचं पोरगं वाडं गोळा करायला!

अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेले घरोघर दिसते. ते मोडते कुठे, तर आपल्याच हाताने. शेतीपंपाची वीज अजून बऱ्याच ठिकाणी पाळीने कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीची पाळी आली की बापाबरोबर बॅटरी धरायला पोरगा जातो आणि सकाळी वर्गात पेंगतो. मुलीचे तर कोणी मोजतच नाही. पाणी, भाकरी, भांडी, धारेच्या वेळी म्हशीपुढं वैरण. मग नऊ वाजता पुस्तक. तिला मार्क कमी पडले की आपण म्हणतो, डोकंच नाही. डोकं आहे हो, वेळ नाही.

म्हणून नियोजन आधी घराचे करावे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा. आपल्याला भोंग्याची सवय काही कमी नाही! गावाचे जमेपर्यंत निदान आपल्या घरापुरता दीड तास ठरवावा. त्या वेळात पोराला हाक मारायची नाही, पाहुणे आले तरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे अनेक जाती-धर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, ती खेड्यातल्या पोराला शिकायला हक्काची जागा मिळावी म्हणून. आज जागा घरात आहे, हक्काची वेळ तेवढी द्यायची आहे.

आता त्या वेळात करायचे काय? पोरं धडा चार-चार वेळा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात, आणि आलं म्हणतात. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के राहिले, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. तेव्हा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला सांगा. अडलं तिथं उघडून बघू दे. हे आई-बाप शिकलेले नसले तरी तपासता येते: कागद भरला का, एवढेच बघायचे.

दुसरी गोष्ट आपल्याला सांगायला नको. उसाला सगळा युरिया एकदम टाकत नाही; लागणीपासून मोठ्या भरणीपर्यंत हप्त्याने देतो. अभ्यासाचेही तेच. आज केलेला धडा दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने आठवून बघावा. जानेवारीत एकदम रात्री जागवून भागत नाही. झोपेला कात्री लावली तर केलेलेही राहत नाही.

गणिताचे दोन भाग आहेत, प्रत्येकी ४० गुणांचा लेखी पेपर, वेळ दोन तास. भूमिती नको वाटते म्हणून पोरं ती शेवटी ठेवतात आणि तिथंच अडकतात. जे नको वाटते ते आधी, डोके ताजे असताना. डिसेंबरपासून दर रविवारी मागचा एक पेपर घड्याळ लावून सोडवावा, तोही बसून आणि पूर्ण. त्या दोन तासांसाठी तरी फडातलं काम दुसऱ्याकडं द्या. पेपर तपासून द्यायला शाळेतल्या गुरुजींना, बाईंना विनंती करावी.

आणि एखादा विषय राहिला, तर घरात कालवा करू नये. २०१५ पासून ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागत नाही; पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. तिचा फॉर्म शाळेतूनच भरतात आणि निकालानंतर मुदत थोडी असते. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी बापाने पोराला घेऊन शाळेत जाऊन यावे.