मुलांनी गेम नुसता खेळू नये, बनवावा

सुट्टीत मुलं मोबाईल सोडत नाहीत, ही घराघरातली तक्रार. नुसतं रागावून काय उपयोग? त्यांना स्क्रॅच शिकू द्या. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एकदा डाउनलोड केलं की कॉम्प्युटरवर इंटरनेटशिवाय चालतं. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे जोडायचे.

पहिला गेम सोपा घ्या: सफरचंद वरून पडतं, मांजर झेलते. पडद्याच्या मध्यभागी शून्य, उजवं टोक २४०, डावं उणे २४०. मांजर डावीकडे सरकवताना ऋण संख्या आपोआप समजतात. झेलूनही गुण वाढत नसतील, तर चूक मुलालाच शोधू द्या. खरं शिक्षण तिथेच होतं. अम्मी-अब्बांनी फक्त विचारावं, "बेटा, हे कसं केलंस?" आणि हो, कॉम्प्युटरवर मुलीलाही मुलाइतकाच वेळ मिळायला हवा.